तिथं वाकावं लागतं का?

कडा, ता. आष्टी
दि. ६ जानेवारी २०२४

चि. आम्रपालीस,
आत्याचा जयभीम आणि अनेक आशीर्वाद. इकडे सर्व ठीक. तुझ्या माणिकराव मामांचा गुडघा सोडला तर तक्रार नाही. फोन का केला नाही म्हणशील. फोनवर मला ऐकू येत नाही म्हणून मी ओरडते, आणि माझी बातमी तुझ्या आधी गल्लीला कळते. शिवाय तीस वर्षं मास्तरकी केलेल्या बाईला कागदावरच नीट बोलता येतं.

तर बातमी अशी. परवा आपला प्रवीण आला, जेवला, हात धुतले आणि म्हणाला, लग्न ठरवलंय. मुलगी त्याच्याच दवाखान्यात एक्स-रे काढते. नाव शुलमिथ. ख्रिस्ती आहे. मी म्हटलं, मग नगरच्या मिशनवाल्यांपैकी असेल. डी.एड.ला असताना माझ्या तिथल्या मैत्रिणी होत्या, त्यांचं दगडी चर्च मी बाहेरून पाहिलेलं आहे. तर म्हणे, तसं नाही, यांचं चर्च कुठल्याच पंथाचं नाही. आता बाजरीलासुद्धा वाण असतो, आणि यांना पंथ नाही म्हणजे काय, ते मला उमगलं नाही.

प्रवीण धर्म बदलणार नाही, ती आपला सोडणार नाही. लग्न रजिस्टर होणार. पण पंचवीस फेब्रुवारीच्या रविवारी तिच्या अंबाजोगाईच्या चर्चमध्ये दोघांसाठी प्रार्थना आहे, आणि आईनं तिथं यावं असं त्याला वाटतं. मी नाही म्हटलं. तो भांडला असता तर बरं झालं असतं. ताट उचललं, विसळलं आणि गेला. तेव्हापासून मला घास गोड लागत नाही.

मी का नाही म्हटलं ते तुला सांगायला नको, पण सांगते. आपले आबा चकलांब्यात लहानपणी चावडीपुढून कमरेत वाकून जायचे, कारण तसाच दंडक होता. छप्पन साली दीक्षा घेतल्यावर त्यांनी पहिलं काम कोणतं केलं असेल, तर घराच्या दाराची चौकट काढून हातभर उंच केली. आपल्याच घरात शिरतानाही माझ्या लेकरांनी मान खाली घालायची नाही, म्हणाले. कड्याला घर बांधताना मीही तशीच चौकट करून घेतली. तुझे मामा अजून म्हणतात, या दारातून उंट येईल. मी कुठल्याही देवापुढे मान वाकवली नाही आणि या वयात वाकवणार नाही.

तू अंबाजोगाईतच आहेस. एका रविवारी जाऊन बघून ये. नवीन माणसाचं तिथं काय करतात? अंगावर पाणी टाकतात का? जात विचारतात का? आणि मुख्य म्हणजे, तिथं वाकावं लागतं का? वाकावं लागत असेल तर एकुलत्या एक लेकासाठीही मी येणार नाही. डोळे उघडे ठेवून बघ आणि सविस्तर लिही. माया आहेच, ती पत्राच्या उत्तराने वाढव.
तुझी आत्या,
केशरबाई

अंबाजोगाई
दि. १५ जानेवारी २०२४

आदरणीय आत्यास,
आम्रपालीचा सविनय जयभीम, वि. वि. तुझी हेर काल कामगिरीवर जाऊन आली.

मी मनोरा आणि घंटा शोधत मोंढ्यामागे दोन चकरा मारल्या. शेवटी रसवंतीवाल्यानं वर बोट दाखवलं. पाइपच्या दुकानावरचा हॉल, बाहेर कापडी फलक, जिन्यावर चपलांचा ढीग. आत मूर्ती नाही, फोटो नाही. भिंतीवर साधा लाकडी क्रूस आणि टीव्ही. खाली सतरंज्या, मागे गुडघेवाल्यांसाठी खुर्च्या. मामांची सोय आहे म्हणून कळव.

आधी गाणी झाली. ढोलकी, खंजिरी, कीबोर्ड, आणि शब्द टीव्हीवर, म्हणजे नवख्यालाही तोंड हलवता येतं. चाली आपल्या जलशासारख्या, मी टाळ्या कधी वाजवायला लागले ते मलाच कळलं नाही. काही बायकांनी डोक्यावर पदर घेतला होता, काहींनी नाही. मग पाळकांनी विचारलं, आज पहिल्यांदा कोण आलंय. मी खांबामागे होते, पण शेजारच्या वत्सलाबाई नावाच्या आजींनी माझाच हात धरून वर केला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. नाव विचारलं, गाव विचारलं. आडनाव विचारलं नाही. मी वाट बघत होते, आत्या, खरंच विचारलं नाही.

पुढे पाळक बोलले, तासभर. आपल्या भंतेजींपेक्षा जास्त आणि तुझ्यापेक्षा कमी. मग भाकरीचे इवलेसे तुकडे आणि द्राक्षाचा रस फिरला. तो बाप्तिस्मा घेतलेल्यांसाठी असतो, पाहुण्यांनी तबक पुढे दिलं तरी चालतं, असं त्यांनी आधीच सांगितलं. थैली फिरली, तीही पाहुण्यांसाठी नाही म्हणाले. पाणी कोणावर टाकलं नाही.

आता माझी फजिती ऐक. शेवटची मोठी प्रार्थना झाली, सगळे एका आवाजात आमेन म्हणाले, आणि मी विहारातल्या सवयीनं हात जोडून खणखणीत म्हणाले, साधु, साधु, साधु. सगळा हॉल वळून माझ्याकडे बघतोय. मला सतरंजीखाली शिरावंसं वाटलं. वत्सलाबाईंनी हळूच विचारलं, याचा अर्थ काय. मी म्हटलं, चांगलं बोललात, असं. त्या म्हणाल्या, मग बरोबरच म्हणालीस की. नंतर चहा आणि पोहे. शुलमिथ काल ड्युटीवर होती, भेट झाली नाही.
मामांना जयभीम. माझ्यावरची माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी,
आम्रपाली

कडा
दि. २२ जानेवारी २०२४

चि. आम्रपालीस,
जयभीम आणि आशीर्वाद. तुझं साधु वाचून आम्ही दोघं इतके हसलो की शेजारीण बघायला आली. मामा विचारतात, पोह्यात शेंगदाणे होते का.

पण पोरी, मी शाळेत पेपर तपासलेले आहेत. अवघड प्रश्न सोडून बाकीचे सुंदर अक्षरात लिहिणारी मुलं मला लगेच ओळखू येतात. मी विचारलं होतं वाकण्याचं. त्यावर तू एक ओळ लिहिली नाहीस. म्हणजे वाकतात. आणि तूही वाकलीस. रागावणार नाही, खरं लिही. त्या पाळकालाही स्पष्ट विचार, आडपडदा नको.

प्रवीणचा फोन आला होता. प्रकृतीचं विचारलं, पावसापाण्याचं विचारलं. जानेवारीत पाऊस कुठला. ज्याचं बोलायचं त्याचं बोललाच नाही. जीव तुटतो, पण काय करू?
पाठीवरून हात फिरवते.
आत्या

अंबाजोगाई
दि. २९ जानेवारी २०२४

आदरणीय आत्यास,
सविनय जयभीम, वि. वि. तू पकडलंस. प्रार्थनेच्या वेळी पाळक म्हणतात, आपण मस्तकं लववू या, आणि सगळे माना खाली घालून डोळे मिटतात. काही गुडघ्यांवर बसतात. मीही मान खाली घातली. कशापुढे घातली ते माझं मलाच माहीत नाही. सगळ्यांत एकटी ताठ बसायचं धाडस झालं नाही, एवढंच.

काल पुन्हा गेले आणि चहाच्या वेळी पाळकांना गाठलं. त्यांचं नाव सुग्रीव, पास्टर सुग्रीव. तुझा प्रश्न जसाच्या तसा विचारला, आबांच्या चौकटीसकट. मला वाटलं उपदेश करतील. त्यांनी कप खाली ठेवला. मग सांगितलं, त्यांचे आईवडील ऊसतोडीला जायचे, दोघांची कंबर कोयत्यानं वाकली ती शेवटपर्यंत सरळ झाली नाही. वाकायला लावणं काय असतं ते मला माहीत हाय, म्हणाले. आईंना सांगा, पहिल्या रांगेत खुर्ची ठेवतो, ताठ बसा, डोळे उघडे ठेवा, कोणी काही म्हणणार नाही.

आता खरी गंमत. जिन्यात शुलमिथनं मला गाठलं. सावळी, उंच, बोलताना ओढणीचं टोक पिळते. घाबरलेली होती. म्हणाली, आम्ही फक्त प्रभूपुढे वाकतो, माणसाच्या पाया पडत नाही, माझ्या वडिलांच्याही नाही. मग मला विचारते, "तुमच्या आत्याकडं वाकावं लागतं का?"

आत्या, तुझाच प्रश्न, तुझ्याच शब्दांत. मला हसू आवरेना आणि ती बिचारी रडायच्या बेतात. काय सांगू तिला?
उत्तराची आणि लोभाची, दोन्हींची वाट बघते.
तुझी,
आम्रपाली

कडा
दि. ५ फेब्रुवारी २०२४

चि. आम्रपालीस,
आशीर्वाद. हसण्यासारखं मला काही दिसत नाही. सासूच्या पाया पडायचं नाही म्हणजे काय? मी माझ्या सासूच्या पाया पडले, ती मला कधी चांगलं बोलली नाही तरी पडले. देवापुढे वाकणं वेगळं आणि वडीलधाऱ्यांचा मान ठेवणं वेगळं. कड्यातल्या चार बायका बघतील, सून आली आणि खांबासारखी उभी राहिली. तो पाळक खुर्ची देतो, मोठेपणा आहे त्याचा. पण मी आता खुर्चीसाठीही येत नाही. प्रवीणला तसं कळव.

हे मोठ्यानं वाचून दाखवलं तर तुझे मामा गुडघ्याला तेल चोळत म्हणाले, "तू वाकायची न्हाईस ती तुझी शान, आन् ती वाकायची न्हाई तो तिचा माज व्हय?" मी त्यांना स्वयंपाकघरातून घालवून दिलं. पण पत्र पुरं करायला दोन दिवस लागले, हेही लिहिते.
आत्या

अंबाजोगाई
दि. १२ फेब्रुवारी २०२४

आदरणीय आत्यास,
जयभीम, वि. वि. प्रवीणदादाला मी काहीही कळवलेलं नाही. तुझा निरोप तूच दे, मी हेर आहे, हलकारा नाही. मामांना माझ्याकडून एक तेलाची बाटली.

मला पंधरा दिवस लातूरला ट्रेनिंगला पाठवतायत, तेव्हा पंचवीसला मी नसेन. तिथं काय होतं ते मला कोण सांगणार? आतापर्यंत तुझ्यासाठी मी बघितलं. आता माझ्यासाठी तू बघ आणि लिही. डोळे उघडे ठेवायची परवानगी तुला एकटीलाच आहे.
रागावलीस तरी लोभ चालू ठेव.
आम्रपाली

कडा
दि. २८ फेब्रुवारी २०२४

चि. आम्रपालीस,
आत्याचा जयभीम आणि भरपूर आशीर्वाद. गेले. तुझ्या मामांनी आदल्या दिवशी गाडी ठरवली आणि मला विचारलंच नाही, म्हणून भांडायला जागा उरली नाही.

जिन्यावर चपला काढल्या. पास्टर सुग्रीव खाली उतरून आले, जयभीम म्हणाले. पहिल्या रांगेत दोन खुर्च्या. गाण्यांना तुझ्या मामांनी ताल धरला, मी त्यांना दोनदा चिमटा काढला. मग पोरांना पुढे बोलावलं. दोघं गुडघ्यांवर बसले, प्रवीणसुद्धा. माझ्या काळजात चर्र झालं. पाळक म्हणाले, ज्यांना मस्तक लववायचं त्यांनी लववावं, आणि ज्यांना जसं बसायचं त्यांनी तसं बसावं. सगळ्यांच्या माना खाली गेल्या. मी अशी ताठ बसले की अजून कंबर धरलेली आहे.

आणि डोळे उघडे होते म्हणून दिसलं. मिटलेल्या डोळ्यांच्या त्या सगळ्या हॉलमध्ये आणखी एकाचे डोळे उघडे होते. शुलमिथ मान किंचित वळवून माझ्याकडे बघत होती. मी अवघडले तर नाही, हे बघत होती. देवाकडे लक्ष द्यायचं सोडून माझ्याकडे. मी डोळ्यानंच खुणावलं, बघ तिकडे. आमेन झाल्यावर तुझ्या वत्सलाबाई माझ्याकडे वळून साधु म्हणाल्या, तीन वेळा. मला रडू आलं, लपवत नाही.

संध्याकाळी पोरांना घेऊन कड्याला आलो. दारात गल्लीतल्या बायका जमलेल्या, मला भीती होती तशाच. शुलमिथ उंबऱ्याशी आली, आणि इतकी उंच पोर, भाड्याच्या खोल्यांतून वाढलेली, सवयीनं मान खाली घालून आत शिरायला लागली. माझ्या तोंडून सगळ्यांदेखत निघून गेलं, "वाकू नको गं. चौकट उंच हाय."

ती थांबली, वर बघितलं, आणि सरळ चालत आत आली. पाया पडली नाही. मी तिचे दोन्ही हात हातात घेतले, ते थंडगार होते. बायका काय म्हणाल्या ते मला ऐकू आलं नाही, आणि कानांचा हा पहिला फायदा.

ट्रेनिंग संपलं की ये. तुझी वहिनी विचारत होती, तुमच्या विहारात नवीन माणसाचं काय करतात. मी म्हटलं, ये आणि बघ.
तुझ्यावर होता तेवढाच जीव आहे, फक्त आता दोघींत वाटून घ्यावा लागेल.
तुझी आत्या,
केशरबाई