धरून ठेवलेला श्वास

सोमवार, ता. ९
पोचले एकदाची! मुलींच्या वसतिगृहात देखरेखीची नोकरी, राहायला स्वतंत्र खोली आणि खालीच वाचनालय. हे गेल्यापासून मी भिंतींशीच बोलत होते, आता पोरींची कटकट तरी कानावर पडेल. लेक सोडायला आली होती. सातवा महिना लागलाय, तरी माझी पिशवी हातातून सोडेना. बाळंतपणाला येईन असं वचन घेऊनच गेली. रुजू होण्याआधी बायकांची नेहमीची तपासणी असते, तेवढ्यासाठी उद्या शेजारच्या दवाखान्यात मुक्काम. लेक म्हणाली, डॉक्टर म्हटलं की पळतेस ना, बरी सापडलीस!

मंगळवार, ता. १०
उंची, वजन, रक्तदाब, रक्त, लघवी. डॉक्टरबाई भल्या आहेत, हात लावण्याआधी काय करणार ते सांगतात. छातीत गाठ नाही ना, हे बोटांनी चाचपून पाहिलं. मग आतली तपासणी. गुडघे वर घेऊन आडवं व्हायचं, अंगावर चादर. गार चिमट्यासारखं काहीतरी, आणि नमुन्याला एक मऊ ब्रश. पुस्तकात वाचलं होतं म्हणून घाबरले नाही. दुखलंही नाही. लाज मात्र मेली या वयातही जात नाही.
शेवटी छातीला नळी. श्वास घ्या, धरा, आता सोडा. सिस्टर कडक आहे. ती सांगेपर्यंत श्वास सोडायचा नाही, नाहीतर पुन्हा पहिल्यापासून. मी शहाण्या मुलीसारखी धरून बसले.
शेजारच्या खाटेवर कवायत शिकवणाऱ्या मास्तरीणबाई आहेत. म्हणाल्या, ही तपासणी म्हणजे सासर हो, यायला वाजंत्री आणि जायला परवानगी. हसून हसून पुरेवाट झाली.

बुधवार, ता. ११
ठोके पुन्हा ऐकायचेत म्हणून ठेवून घेतलं. आज सिस्टरने श्वास फारच वेळ धरायला लावला. नवल म्हणजे जीव कासावीस झाला नाही. डॉक्टरबाई म्हणाल्या, छान जमतंय तुम्हाला. लेकीला फोन करून कळवलं. चिडली, रविवारी न्यायलाच येते म्हणाली.

गुरुवार, ता. १२
ह्यांच्या आजारपणात मला एक खोड लागली. जवळ कोणी निजलं की माझा कान आपोआप त्याच्या श्वासाकडे जातो. ह्यांचा श्वास थांबला तोही मी असाच ऐकला.
दुपारी मास्तरीणबाई निजल्या होत्या. कान लावला. काहीच नाही. पांघरूण हलत नव्हतं. धावत सिस्टरला बोलावलं. ती शांतपणे म्हणाली, उठवू नका, त्यांची तपासणी चालू आहे.
तेवढ्यात मास्तरीणबाईंनी डोळे उघडले. माझ्याकडे बघून हसल्या, बोलल्या नाहीत. कालपासून त्या एक शब्द बोललेल्या नाहीत. इतर खाटांवरच्या बायकाही नाहीत. मला वाटलं होतं, स्वभावानेच अबोल असतील.

शुक्रवार, ता. १३
नोकरी नको, घरी जाते म्हटलं. सिस्टर म्हणाली, खुशाल जा, फक्त एकदा छाती ऐकू द्या. श्वास घ्या, धरा. मग बाहेर कोणी हाक मारली म्हणून ती गेली. मी धरून बसले. ती परत आली, नळी गुंडाळली, झालं म्हणाली.
कपड्यांच्या घड्या केल्या, पाणी प्यायले, वेणी घालायला आरसा घेतला. छोटासा आहे, ह्यांच्या नाकाशी शेवटी धरला होता तोच. ओठांशी नेला. काच स्वच्छ. पुसून पुन्हा नेला. स्वच्छ.
सोडा असं ती म्हणालीच नव्हती.

शनिवार, ता. १४
तोंड उघडते, छाती दगडासारखी. दुखत नाही. तेच भयंकर आहे.
फाटकापर्यंत गेले. रखवालदाराशी बोलायला आवाजच नाही. चिठ्ठी लिहून दिली. त्याने न वाचता सिस्टरकडे नेली. मावशी, अर्ध्या तपासणीतून कोणी जातं का, म्हणत हाताला धरून आणून सोडलं.
आता खोलीचं काचेचं दार बंद. मूठ बाहेरच्या बाजूला.
बाकीच्या बायका माझ्याकडे बघतात. कोणाचीच छाती हलत नाही. उद्या लेक येईल. नको येऊ दे—

रविवार, ता. १५
आली. काचेपलीकडे बाकावर बसलीय. हाक मारायची तर श्वास लागतो—
काच बडवली. तिने पाहिलं, हसली, हात हलवला. आई मजेत आहे असंच वाटलं तिला—
सिस्टर तिच्याशेजारी बसली. पोटावर हात ठेवला. काचेतून पुसट ऐकू येतंय. तुझी आई आवरतेय, तोवर आलीच आहेस तर बघून घेऊ, काही नाही, नेहमीचीच तपासणी—
लेक उठली.
तिला काचेजवळच्या खाटेवर निजवून सिस्टरने पलीकडून पडदा ओढला. माझ्याकडची बाजू उघडीच आहे. हे पान काचेला लावते, मोठ्या अक्षरात—
बाळे पळ. ती सांगेल श्वास धर. तू धरू नकोस. ओरड, शिंक, रड, काहीही कर, पण—
बघ ना इकडे. एकदा बघ—
सिस्टर म्हणतेय, घे. अजून खोल. दोघांच्या वाटचा घे. आता ध