गाळलेलं वाक्य

गुरुजी, तुम्हाला जाऊन तेवीस वर्षं झाली. दोन दिवस मला नुसती शिसारी आली आहे, म्हणून तुम्हाला त्रास देतो आहे. मुलगी इथेच नांदेडला इंजिनिअर झाली. आता पाण्याच्या विषयात पुढचं शिकायला तिला जर्मनीला जायचं आहे. तिथली विद्यापीठं शिक्षकाचं शिफारसपत्र मागतात. शिक्षक ते स्वतः लिहितो, अशी त्या भोळ्या माणसांची समजूत आहे.

लातूरच्या परदेशी प्रवेशांच्या सल्लागाराने आमच्यापुढे तयार पत्रच टाकलं. मुलगी तेजस्वी, नेतृत्वकुशल, अद्वितीय. एवढी विशेषणं आपण आरतीत देवालाही लावत नव्हतो. शेजारी बसलेल्या निलंग्याच्या मुलाच्या हातातही तेच पत्र, तोही अद्वितीय. मुलगी म्हणाली, "बाबा, यात मी कुठंय?" मी तिला उठवलं आणि दुसऱ्या दिवशी तिच्या विभागप्रमुखांकडे घेऊन गेलो. म्हटलं, सर, चार ओळी तुमच्या हातानं लिहा. ते समोसा खात होते. "मास्तर, तुम्ही संस्कृतवाले. तुमचा हात लई गोड. तुम्हीच लिहा की, मी कुठं वाचून राहिलो!" तेलकट बोटं पँटला पुसून त्यांनी कोऱ्या कागदाच्या तळाशी सही ठोकून दिली. कागदावर तेलाचा डाग होता.

घरी आल्यावर तो कागद मधे ठेवून मी मुलीला तुमची गोष्ट सांगितली. मुखेडचं तुमचं स्वयंपाकघर. तुम्ही भाकरी उतरवता, हात धुता, पाटावर कागद ठेवून लिहिता: 'या मुलाला मी सहा वर्षं ओळखतो. पाठांतर चोख. उच्चार स्वच्छ. उशिरा येतो.' मी गयावया करतो, "गुरुजी, शेवटचं तेवढं गाळा की." तुम्ही चष्म्यावरून बघता. "गाळलं तर ते दुसऱ्या कुणाचं पत्र होईल रे, उशिरानंद."

मुलगी हसली. "आणि त्याच पत्रावर तुम्हाला लातूरच्या कॉलेजात घेतलं?"

मी म्हणालो, "हो."

"मग मलाबी तसलंच पायजे." तिने सही केलेला तो कागद टराटरा फाडला. आज सकाळपासून ती विभागप्रमुखांच्या दारात बसली आहे. मुदत उद्या संपते. पत्र मिळालं नाही तर वर्ष गेलं.

गुरुजी, त्या दिवशी मुखेडच्या स्टँडवर, एसटीची वाट बघत, मी तुमचं पत्र नव्याने उतरवून काढलं होतं. शेवटचं वाक्य सोडून. खाली तुमची सही केली, शेवटच्या फराट्यासकट. लातूरला तेच दिलं. तुमचं खरं पत्र अजून माझ्या कपाटात आहे. ज्या माणसाची मला दोन दिवस किळस येते आहे, त्याने निदान सही स्वतःची तरी केली.

हे तुमच्यापर्यंत पोचणार नाही, हे बरंच आहे. ज्या दारात ती बसली आहे तिथवर जाऊन तिला सांगायला हवं. मघाशी चपला घातल्या होत्या. पुन्हा काढून ठेवल्या.