चाकावरच्या घराची दुसरी थंडी

मंगरूळपीर,
ता. ९ मे १९७४

वडीलभावाच्या जागी असलेले दौलतदादा यांना इंद्रभान वायरमनचा मनापासून जय भीम.

तुमच्या पाठीचं दुखणं कसं हाये, भागिरथामायच्या डोळ्यांत औषध नेमानं घालता का, आन् विहिरीले पाणी किती उरलं, हे सारं लिहा. माझी तब्येत तशी ठीक हाये, नाकातून पाणी वाहून राह्यलं तेवढं सोडून. (वैशाखात सर्दी कोणाले होते, असं तुमाले वाटन. तेच सांगाले हे पत्र.)

जऊळक्याच्या ठेसनामागं एका बोअर खोदणाऱ्या कंपनीचा तळ पडला होता. तिथल्या उदयसिंग साहेबाचं घर चाकावर हाये. बैलाच्या मानेवर जू ठेवावं तशी त्या घराची मान ट्रकच्या पाठीवर टेकवलेली, आन् त्या मानेतही एक खोली. मागच्या खोलीत थंड हवेची मशीन आधीपासून होती. तरी साहेबानं पुढच्या खोलीसाठी मुंबईहून दुसरी मागवली आन् बसवाले मले बोलावलं. मी तवाच मनात म्हणलो, एकट्या माणसाले दोन थंड्या काहून? माणूस काही एकाच येळी दोन खोल्यांत निजत नाई.

त्या पुढच्या खोलीचं दार कायम बंद. साहेबाचा खानसामा गोपीचंद (हा बोलताना आपल्या तोंडाकडे पाहत नाई, आपल्या चपलांकडे पाहते) म्हणे, आत जमिनीतल्या दगडांचे नमुने हायेत, गरमीनं खराब होतात. मी मान हलवली. पण हाच गोपीचंद रोज दोन ताटं वाढे, आन् दुसऱ्या ताटातली पोळी दुधात कुस्करलेली. दुपारी आतून खोकल्याचा आवाज आला. दादा, मी आय.टी.आय. शिकलेला माणूस हाये, दगड खोकलत नाई एवढं मले समजते. मंग बांगड्याही वाजल्या. मी पक्कं धरलं की साहेबानं कोणाची तरी बाई पळवून आणली. पोलीसपाटलाकडे जायाचंही मनात आलं, पण हातचं काम जाईन म्हणून म्हणलं, आधी भोक पाडू, मंग खबर देऊ.

दुसरी अडचण जनरेटरची. एका मशीनलेच तो दमेकऱ्यासारखा धापा टाके, दोन्ही लावल्या असत्या तर बसलाच असता. हे साहेबाले सांगितलं तर म्हणे, "तू लगा, बाकी मैं देखूंगा." हेही मले काही बरं वाटलं नाई.

तिसऱ्या दिवशी साहेब बोअरवर गेला. मी बाहेरून पत्रा कापला, तं भोकातून एक डोळा माझ्याकडे पाहून राह्यला. मी छिन्नी खाली ठेवली. आतून आवाज आला, "बेटा, डर मत. अंदर आ."

आत सत्तरीची म्हातारी. तोंडात दात नाई, दोन्ही गुडघ्यांले फडकी बांधलेली. साहेबाची माय, हिरीबाई. कंपनीच्या घरात नातलग ठेवाले बंदी, पण गावी तिच्याकडे पाहणारं कोणी उरलं नाई, म्हणून लेक तिले लपवून सोबत फिरवते. त्या खोलीत माय उन्हानं भाजते म्हणून त्यानं मशीन मागवली, आन् म्हातारीले थंडी बिलकुल सोसत नाई. मी म्हणलं, मंग लेकाले सांगत काहून नाई? तं म्हणे, "उसने इतने प्यार से मंगवाई है, ना कैसे बोलूं? तू ऐसा कर बेटा, आवाज आए, ठंड न आए."

मले पोलीसपाटील आठवला आन् लाज वाटली. मशीन भोकात बसवली. थंडी करणाऱ्या भागाची तार तोडायच्या आधी ती खरंच चालते का हे पाहणं भाग होतं (मशीनवरही माझा इश्वास नाई), म्हणून मागची बंद करून ही पुऱ्या जोरात लावली. म्हातारीले मागच्या खोलीत बसवलं आन् दार लावून अर्धा तास मशीनपुढं बसलो. बाहेर आलो तवा माझे दात वाजून राह्यले होते. म्हातारीनं आपली शाल माझ्या आंगावर टाकली, ठेवून घे म्हणे, आन् यातलं कोणाले सांगणार नाई अशी माझ्याकडून आण घेतली. मंग मी ती तार तोडून मशीनचा नुसता पंखा चालू ठेवला. संध्याकाळी साहेब आला, तं दोन्ही मशीनी सुरू आन् जनरेटर ठणठणीत, कारण नवी मशीन फारशी वीज ओढतच नव्हती. त्यानं मायले इचारलं, ठंडा लगता है? म्हातारी म्हणे, "बहुत," आन् पदर आंगाभोवती आवळून घेतला. साहेबाचे डोळे भरून आले. मी पकड पुसत बसलो.

तुमचा,
इंद्रभान

ता. क. आता कामाचं. दिवस बुडाला तरी रस्त्यावरचं डांबर मऊच होतं, आन् मी घरी आलो तो थंडी भरून थरथरत, आंगावर बाईची शाल, तिले गुलाबाच्या अत्तराचा वास. तुमच्या बहिणीनं, बेबीनं इचारलं, कोणाची? मी आण घेतलेली. म्हणलं, दगडाच्या नमुन्यांवर होती. दुसऱ्या दिवशी पहिल्या मोटारीनं ती तुमच्याकडे आली, हे तुमाले माहीतच हाये. तिले हे पत्र वाचून दाखवा. म्हातारीच्या तोंडात दात नाई, ते दोनदा वाचा.

ता. क. २. साक्षीदार मागू नका. तळ परवाच उठला, आन् ते घर कुठं गेलं हे कोणी सांगत नाई. आण मोडली म्हणून म्हातारीची मनातल्या मनात माफी मागितली.

ता. क. ३. आज बेबीची पेटी पाहिली. लुगडी सारी इथंच हायेत, शाल तेवढी नाई. तुमच्या इंझोरीत वैशाखात थंडी पडते काय? तिनं ती मायपुढं पुरावा म्हणून ठेवली, का आंगावर घेऊन हिंडून राह्यली, हे तिच्या नकळत पाहून कार्ड टाका. पुरावा असन तर मी पंधरा दिवस तोंड दाखवत नाई. पांघरली असन तर कार्ड हाती पडन त्याच दिवशीच्या मोटारीनं निघतो.