साडेसोळा तास

३ मार्च, मंगळवार
सकाळी साडेआठला वर्कशॉप उघडलं. दादाला जाऊन आज एकवीस दिवस झाले. फिटर आला, मग पुतणी, शर्यतीत गाडी तीच चालवते. तिघांनी चहा घेतला. यापुढे टीम मॅनेजर मी, असं सांगितलं. दोघंही बरं म्हणाले.

बावीस वर्षं मी शर्यतीत ट्रॅकलगत पिटच्या भिंतीवर तीन स्टॉपवॉच घेऊन बसलो. दादा इंजिनं बांधायचा, मी वेळ लिहायचो. रेसिंगचा इतिहासही मी वाचलेला आहे. इंजिनवाला गेला की टीम बुडते, असं पुष्कळदा झालंय. पण त्या टीमना मॅनेजमेंट नव्हतं. इथे मी आहे.

संकल्प: रोज डायरी. वर्कशॉपमध्ये दादाचा विषय काढायचा नाही. रडायचं नाही. शेवटचा सोपा आहे, मी मुळात त्यातला नाही.

५ मार्च, गुरुवार
दादाचं शेवटचं इंजिन स्टँडवर आहे. त्याला तारेने पुठ्ठ्याचं कार्ड बांधलंय. इंजिन किती तास चाललं ते दादा त्यावर लिहायचा. वीस झाले की उघडायचं आणि बेअरिंगं बघायची, हा त्याचा नियम. शेवटची नोंद साडेसोळा. अक्षर वाकडंतिकडं आहे. घाईत असेल.

नट पक्का आवळला की दादा त्यावर पांढऱ्या रंगाचा ठिपका द्यायचा. या इंजिनावर ठिपके पिवळे आहेत. पांढरा रंग संपला असणार. असेल ते वापरायचं, हा त्याचा स्वभावच.

ठरवलं की कार्डावर आता कोणी लिहायचं नाही. तास मी माझ्या वहीत लिहीन. यात भावनेचा काही प्रश्न नाही. नोंद एका हाती असली की गोंधळ होत नाही.

वहिनींनी दादाचा बॉयलर सूट धुवायला मागितला. म्हटलं, राहू द्या, खिळा रिकामा दिसेल. बाह्यांना बटणांच्या जागी वेल्क्रो लावलाय. वहिनींना शिवणकामाची हौस.

९ मार्च, सोमवार
इंजिन गाडीत बसवलं, कार्ड स्टँडलाच बांधून ठेवलं. पुतणीने ट्रायल घेतली. टायमिंग उत्तम. फिटर म्हणतो, सव्वाअठरा तास झाले. इंजिन गरम करताना जो वेळ जातो तो मी धरत नाही. गाडी तेव्हा उभीच असते. माझ्या हिशेबाने सव्वासतरा. दादा तो वेळ धरायचा, हे फिटरने दोनदा सांगितलं. दादा सगळंच धरायचा. म्हणून तर लवकर थकला.

१४ मार्च, शनिवार
आज इंजिन ऐकलं. दादा करायचा तसं स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनाला लावलं आणि मूठ कानाला. एकदाच ऐकून जमलं. रक्तातच असावं. आत एक बारीक टकटक आहे, नियमित. दादा दुपारी माझ्या ऑफिसचं दार एका बोटाने वाजवायचा, अगदी तशी. बराच वेळ ऐकत होतो. इंजिन निरोगी आहे.

नंतर फिटरने ऐकलं. म्हणाला, बेअरिंग बोलतंय. म्हटलं, बोलू दे.

२२ मार्च, रविवार
पहिली शर्यत. दुसरा नंबर! पुढच्या गाडीपेक्षा फक्त एक पूर्णांक चार सेकंद मागे. तिन्ही घड्याळांवर एकच आकडा. शेजारच्या टीमचा मॅनेजर येऊन म्हणाला, तुमच्या भावाचं काम अजून धावतंय. मी धन्यवाद म्हटलं आणि गाडीच्या मागे जाऊन उभा राहिलो. उन्हाने डोळ्यांत पाणी येत होतं.

वहीप्रमाणे साडेअठरा. फिटरचे एकवीस.

२४ मार्च, मंगळवार
फिटरने पांढऱ्या कागदावर इंजिनाचं तेल ओतून आणलं. खिडकीशी नेऊन दाखवलं. तेलात बारीक चमक होती. त्याचं म्हणणं, बेअरिंगचा धातू झडतोय. माझं म्हणणं, खिडकीतून ऊन येतंय. तो कागद घेऊन अंधाऱ्या कोपऱ्यात गेला आणि तिथे दाखवू लागला. मी म्हटलं, अंधारात मला तसंही कमी दिसतं.

मग त्याने सुचवलं, पुढच्या शर्यतीला जुनं इंजिन लावू, ताकद कमी आहे पण घरी आणेल. हे उघडू. मी त्याला स्पष्ट सांगितलं, दादाने हाताने बंद केलेलं हे शेवटचं इंजिन आहे, त्याला कोणाचा पाना लागणार नाही. तो माझ्याकडे बघत राहिला. काहीतरी बोलणार होता. मग हात पुसले आणि बरं म्हणाला.

मॅनेजमेंट म्हणजे हेच. एक वाक्य, ठाम.

३० मार्च, सोमवार
पुतणी ऑफिसात आली. फिटरने तिला कागद दाखवलाय. ती शांतपणे बोलली, बापासारखी. शेवटी म्हणाली, काका, तुम्ही घड्याळं बघा ना, इंजिनाचं त्यांना बघू दे. माझ्या घड्याळांवर पोरीचा विश्वास आहे, हे ऐकून बरं वाटलं. बाकीचं ऐकलं नाही असं नाही. विचार करीन म्हणालो.

विचार केला. उघडायचं नाही.

४ एप्रिल, शनिवार
सराव झाला. वहीत पावणेवीस. वीसच्या आत आहोत, म्हणजे दादाचा नियम मी तंतोतंत पाळतोय. फिटर तेवीस म्हणाला. मग म्हणाला, तुम्ही आकडे लिहीत नाही, धाकटे, मागे ढकलताय. माणूस मेहनती आहे, पण हिशेबात कच्चा.

५ एप्रिल, रविवार
सकाळी दहा. झोप छान झाली, तीन तास. हवा कोरडी. चार ग्लास पाणी प्यायलो. भीती वगैरे नाही, उकडतंय.

दुपारी. अकरावी फेरी. वेळ लिहिता आली नाही. तिन्ही घड्याळं चालू राहिली.

७ एप्रिल, मंगळवार
हॉस्पिटल. पुतणीचं गळ्याजवळचं हाड मोडलंय, दोन फासळ्या. सरळ रस्त्यावर बेअरिंग गेलं, कनेक्टिंग रॉड ब्लॉक फोडून बाहेर आला, तेल मागच्या टायरवर. गाडी फिरून भिंतीला लागली. वहिनी बाहेर बाकावर बसल्या होत्या. त्यांनी मला जागा करून दिली.

पुतणीने विचारलं, "काका, किती तास झाले होते?"

पावणेवीस म्हणालो.

"खरे किती?"

तेवढ्यात नर्स आली. मी पेशंटला त्रास नको म्हणून बाहेर आलो.

१२ एप्रिल, रविवार
आज इंजिन उघडलं. मी आणि फिटर. ब्लॉकला मुठीएवढं भोक. बेअरिंगचं काही उरलं नव्हतं, आत नुसता चुरा. मी म्हटलं, दादाच्या हातूनही एखादी चूक होऊ शकते.

फिटरने पाना खाली ठेवला.

"हे मी बांधलंय, धाकटे. दीड वर्ष दादांचा हात थरथरत होता. ते स्टुलावर बसून सांगायचे, मी आवळायचो."

मी पिवळ्या ठिपक्यांबद्दल विचारलं. म्हणाला, ते माझे. पांढरा डबा दादांचा, त्याला मी हात लावला नाही. त्याने फळीवरून डबा काढून दिला. अर्ध्याहून जास्त भरलेला आहे.

घरी वहिनींना माहीत होतं. पुतणीला माहीत होतं. मला का सांगितलं नाही, असं विचारलं. फिटरने हात पुसले.

"दादा म्हणायचे, धाकट्याला वाटतं मला कधी काही होत नाही. वाटू दे." मग म्हणाला, "तो तेलाचा कागद दाखवला त्या दिवशी मी सांगायला हवं होतं. शब्द दिला होता."

म्हणजे ज्याने बंद केलं तोच उघडू द्या म्हणत होता.

दुपारी तो पुतणीला बघायला गेला. मी येतो म्हणालो, पण थांबलो. तारेचं कार्ड सोडवलं. साडेसोळाच्या खाली माझ्या अक्षरात लिहिलं: तेवीस तास पन्नास मिनिटं. गरम करतानाचे धरून.

स्टँडखाली तेल सांडलं होतं. लाकडाचा भुसा टाकला. तेल शोषायला दहा मिनिटं लागतात. घड्याळ लावलं नाही. स्टुलावर बसून राहिलो. मग झाडून घेतलं.