मेहुणीच्या दवाखान्यातल्या कॉम्प्युटरची साफसफाई

सोमवार, ४ मार्च. सकाळी ९.
आजपासून मेहुणीच्या दातांच्या दवाखान्यातला कॉम्प्युटर माझ्या ताब्यात. ती नको नको म्हणत होती, पण मी हट्टच धरला. संकल्प: माउसला हात लावायचा नाही. काळ्या खिडकीत एक ओळ टाइप करायची, की पॅकेज मॅनेजर नावाचा प्रोग्रॅम हवं ते सॉफ्टवेअर (म्हणजेच पॅकेज) आणून बसवतो, नको ते काढून टाकतो. तीन व्हिडिओ पाहिलेत. (तिसरा अर्धा.)

दुपारी.
अपग्रेड सुरू केलं. ३१२ पॅकेजं शिळी निघाली! अक्षरं सरसर पळू लागली, तसे बाकावरचे पेशंट दाढ विसरून बघत राहिले. रिसेप्शनवरच्या बाई म्हणाल्या, अहो, ते काहीतरी विचारतंय, वाचा तरी. मी 'वाय' (म्हणजे यस) दाबलं. जाणकार माणूस वाचत बसत नाही.

मंगळवार, ५ मार्च.
स्क्रीनवर गाय काढणारं पॅकेज बसवलं. आपण लिहू ते ती बोलते. मेहुणीने विचारलं, भावोजी, याचा दवाखान्याला उपयोग काय? म्हटलं, पेशंटचं मनोधैर्य. ती हातमोजे चढवून आत निघून गेली. पटलं असावं.

बुधवार, ६ मार्च. ११ वाजता.
भयंकर शोध. कॉम्प्युटरमध्ये 'लिब' नावाने सुरू होणारी शेकडो पॅकेजं. लिब म्हणजे लायब्ररी. दातांच्या दवाखान्यात लायब्ररी कशाला? साफसफाई हाती घेतली.

११.१०
एक लिब काढताना मॅनेजर म्हणाला, सोबत तिच्यावर चालणारी आणखी २१४ पॅकेजं जातील. खात्री असेल तर 'हो, मी सांगतो तसं कर' हे अख्खं वाक्य इंग्रजीत टाइप करा. भरून आलं. बावीस वर्षांच्या संसारात असं कुणी विचारलं नव्हतं. टाइप केलं.

११.२०
स्क्रीन काळी, नुसती एक लुकलुकणारी रेघ. आयकॉन नाहीत, अपॉइंटमेंटची यादी नाही. बाईंना म्हटलं, आता मशीन हलकं झालंय.

१२.३०
एकाच वेळेला पाच पेशंट हजर, नंबर कुणाचा ते कुणालाच ठाऊक नाही. खुर्चीत निवृत्त मास्तर, दाढ अर्धी कोरलेली, आणि एक्स-रे कॉम्प्युटरच्या पोटात. मेहुणी मास्क लावूनही ओरडू शकते, हे आज कळलं.

१.१५
बाईंनी कॉम्प्युटरसमोरची खुर्ची मागितली. दिली. म्हणाल्या, काय काय काढलं त्याची यादी हा मॅनेजर स्वतःच लिहून ठेवतो. बाईंनी ती वाचली (सबंध!), एकेक पॅकेज परत बसवलं. पाऊण तासात एक्स-रे हजर. मास्तरांनी उघड्या तोंडाने बाईंना शाबासकी दिली. पायाभरणी माझीच होती, पण श्रेय बाईंना घेऊ दिलं.

शनिवार, ९ मार्च.
दोन दिवस मुद्दाम गेलो नाही. त्यांना माझी उणीव भासावी म्हणून. आज गेलो. पासवर्ड बदललाय. बाईंना विचारला. म्हणाल्या, तुम्हाला सांगायचा नाही असं डॉक्टरांनी बजावलंय. म्हटलं, ठीक आहे, सुरक्षेसाठी उत्तमच, मी बायकोकडून घेतो, बहीण तिला सांगेलच.
म्हणाल्या, तुमच्या मिसेसनीच तर ठरवून दिलाय.