जहाजावरचा धबुकार

दारव्हा,
८ ऑक्टोबर २०२५

प्रिय बाई,

जय सेवालाल. माझ्या पत्रात हे वाचून तुझ्या भुवया वर जातील. पण बा प्रत्येक पत्र असंच सुरू करायला लावायचा आणि लिहिणारा मीच असायचो, त्यामुळे हाताला सवय आहे. भावाचा फोन तू उचलत नाहीस. नको उचलूस. जे सांगायचंय ते फोनवर मला जमलंही नसतं.

इकडे सगळं ठीक. सोयाबीन निघालं, कपाशीची वेचणी दिवाळीनंतर. याडीचा गुडघा दुखतो, पण आईच ती, रोज तांड्याच्या टोकापर्यंत जाऊन येते. कोणी विचारलं तर बकरी पाहायला गेले होते म्हणते. आपल्याकडे बकरी नाही. ती तुझ्या उमरखेडहून येणारी एसटी पाहायला जाते.

बाच्या तेराव्याच्या दिवशी मी सगळ्यांसमोर म्हणालो की यापुढे आपल्या घरात धबुकार होणार नाही. दिवाळीला निखाऱ्यावर तूप, गूळ, भात टाकायचा आणि मेलेल्यांना नावानं हाक मारायची, हे विज्ञानाच्या मास्तरच्या घरी शोभत नाही, असलं काहीतरी बोललो. तू ताटावरून उठलीस. "तुले बा नकोच होता," म्हणालीस आणि गेलीस. त्याला विज्ञान कारण नव्हतं, बाई. कारण सांगायलाच तर बसलोय, आणि बघ, सोयाबीनपासून सुरुवात केली.

गेल्या वर्षी दिवाळी अंकात माझी गोष्ट आली होती. पृथ्वी सोडून दूरच्या ग्रहाकडे निघालेला तांडा. बैलांच्या जागी इंजिन, मिठाच्या गोण्यांच्या जागी बियाणं. जहाजावर आग पेटवायची नाही, कारण आग श्वासाची हवा खाते. म्हणून पहिल्याच दिवाळीला तांड्याचा कारभार पाहणारा नायक जाहीर करतो की धबुकार बंद, मेलेले पृथ्वीवरच राहिले. वाचकांची चार पत्रं आली होती आणि मी महिनाभर हवेत होतो.

बाला ती मीच खाटेवर बसून वाचून दाखवली. अंक हातात आला तसं त्यानं आधी स्वतःचं नाव शोधलं. तेवढीच अक्षरं त्याला ओळखता येत.

"याच्यात मी कुठी हावो?"

"अंकात बापाचं नाव टाकत नाहीत, बा. नुसतं शाम राठोड."

"बरं बरं. न बैल नाहीत तं पानी कोनाले पाजतेत?"

मी हसलो. तोही हसला. शेवटपर्यंत ऐकून त्यानं अंक माझ्या हातातून घेऊन मिटला. मग म्हणाला, "म्हंजे त्याहीचे मेलेले उपाशीच राह्यले?"

"मेलेले खात नाहीत, बा."

"खात नसन. पन हाक तं आयकत असन." एवढं बोलून तो बैलाला चारा टाकायला गेला. मला वाटलं, विषय संपला.

श्रावणात तो दवाखान्यात होता तेव्हाचं तुला अर्धंच माहीत आहे. याडीनं उशाशी तुपाचा दिवा ठेवला, काडी ओढणार तेवढ्यात नर्सबाई धावत आल्या. "आजी, इथं ऑक्सिजन सुरू आहे, भडका होईल!" मास्कच्या आत बा हसला. "शाम, तुह्यं जहाज हेच हाये का?" दवाखान्यात तो आपली बंजारा बोली बोलायचाच नाही, मराठीच बोलायचा. नर्सबाईंना वाटायला नको की आपण त्यांच्याबद्दल बोलून राह्यलो, म्हणायचा.

शेवटच्या दुपारी तू एकच्या गाडीनं घरी निघालीस. तू गेलीस आणि त्यानं मास्क बाजूला केला.

"त्या पाडव्याले आभायातून जयत गेलतं, आठोते?"

आठवत होतं. तीन वर्षांपूर्वी जुन्या रॉकेटचे तुकडे पडले होते, आपण सगळे अंगणात उभे राहून पाहत होतो.

"तसंच कर ना तुह्या गोष्टीत. गूय, भात डब्यात घालाचा न सोडून द्याचा खाली. जहाजावर नाही पेटत तं खाली पेटन."

रात्रीचं जागरण होतं, डोकं ठणकत होतं. मी वर्गातल्या आवाजात बोललो. "बाहेर हवाच नसते. हवेशिवाय काही पेटत नाही."

"खाली तं असन ना हवा? ज्या गावाले चालले, त्या गावची?"

"तसं नसतं ते, बा. तुले त्यातलं समजत नाही. मास्क लाव."

त्यानं मास्क लावला. मग आतूनच म्हणाला, "मंग राहू दे." त्यानंतर तो बोलला नाही. पाच वाजता गेला.

मी तुला सांगितलं, झोपेत गेला.

आता कळलं असेल तेराव्याला मी काहून तसा वागलो. धबुकाराला हो म्हटलं असतं, तर त्या दुपारी त्याला हो म्हणायला माझं काय जात होतं, हा प्रश्न स्वतःला विचारावा लागला असता.

एवढ्यावर संपलं असतं तरी मी कसंबसं निभावून नेलं असतं. गेल्या महिन्यात नववीला उल्का शिकवत होतो. 'अवकाशातून वेगाने येणारी वस्तू वातावरणात शिरली की तापते आणि पेटते.' वीस वर्षं हे वाक्य मी फळ्यावर लिहितो. त्या दिवशी ते लिहिलं आणि खडू हातातच राहिला. पोरांना धडा वाचत बसा म्हणून सांगितलं आणि बाहेर नळाशी जाऊन उभा राहिलो.

बाचं बरोबर होतं. मी नंतर डब्याचं वजन, वेग, उंची सगळं मांडून पाहिलं. सगळं बसतं. शाळेत दोन वर्षंही न बसलेल्या माणसानं जाता जाता वाट काढली होती, आणि मी मास्तर त्याला वाट नाही म्हणालो. तांडा सोडून दूर गेलं की पोरांची हाक पोचत नाही, असंच समजून तो गेला. मला फार रडू येतं, बाई. वर्गात येतं, गाडी चालवताना येतं.

गोष्ट परत लिहिली. आता जहाज त्या ग्रहाजवळ पोचतं तेव्हा नायकाची म्हातारी बायको गूळ-भाताचा डबा सोडते. खाली त्या कोऱ्या आभाळात एक तांबडी रेघ उमटते, आणि सगळा तांडा काचेशी उभा राहून आपापल्या माणसांना हाका मारतो. बाला वाचून दाखवण्याजोगी झाली आहे.

मेलेले ऐकतात असं मला आजही वाटत नाही. तुझ्याशी एकदा खोटं बोललो, परत बोलणार नाही. पण धबुकार होणार. याडीनं गूळ काढून ठेवलाय. काल ती म्हणाली, एकदा नावं घेऊन बघ. पणज्याचं घेतलं, आज्याचं घेतलं. बाचं नाव तोंडातून निघेना. दिवाळीला तू माझ्या शेजारी उभी राहशील का? मी अडलो तर पुढचं तू म्हण.

यावंसं वाटलं नाही तर तेही मी समजेन. पण तसं याडीला कळव, म्हणजे ती टोकापर्यंत चालत जाणार नाही.

तुझा भाऊ,
शाम डोंगरसिंग राठोड