गोळ्या पूर्ण खा

बाबा, तुम्ही कशाने गेलात ते मला परीक्षेचा अभ्यास करताना कळलं. कोणी घरी येऊन सांगितलं नाही. फार्माकॉलॉजीच्या पुस्तकात, हिवतापाच्या औषधांच्या प्रकरणात, दुष्परिणामांच्या खाली एक ओळ होती, आणि त्या ओळीत तुम्ही होता. आज इतक्या वर्षांनी हे तुम्हाला लिहायला बसले, कारण तुमचा नातू आतल्या खोलीत झोपला आहे. चार वर्षांचा आहे. त्याला हिवताप निघाला. तुम्ही खाल्ली ती गोळी त्याला चालेल की नाही, एवढ्या एका प्रश्नावर आमचं घर हा सगळा आठवडा टांगून होतं. तुम्ही म्हणायचे, लिहायचं तर शाळेतल्या भाषेत लिही, साहेबाले समजलं पाहिजे. म्हणून तसं लिहिते. तुमच्यासमोर बसून बोलायचं असतं तर वेगळं बोलले असते, आणि जरा मोठ्याने बोलले असते.

मी तेव्हा नववीत होते. एटापल्लीकडच्या जंगलातली बांबूकटाई आटोपून तुम्ही पोंभुर्ण्याला घरी आलात ते दात वाजतच. आईने घरातल्या सगळ्या गोधड्या टाकल्या तरी खाट हलत होती. रक्त तपासलं, गोळ्या मिळाल्या. काही ताप उतरवायच्या, आणि एक लहानशी रोज खायची, चौदा दिवस, अंगातला ताप मुळासकट जावा म्हणून. तुमच्याबरोबर कटाईवर असलेल्या आणखी तिघांना ताप होता. त्यांनी अंग थंड पडल्याबरोबर उरलेल्या गोळ्या बोडीच्या पाण्यात फेकल्या, आणि तुम्ही ओट्यावर बसून, आवाजात जोर नसताना, त्यांना झापलं. 'फुकट भेटते म्हणून किंमत नाई तुम्हाले. डॉक्टर काय गंमत म्हणून देते का?' मला तेव्हा इतका अभिमान वाटला होता तुमचा! आख्ख्या गावात पूर्ण गोळ्या खाणारा एकच माणूस, आणि तो माझा बाप.

मग लघवी लाल यायला लागली, आणि दुसऱ्या दिवशी काळी. आईने पाहिलं. मी चुलीपाशी भाकरी उलटत होते आणि तुमचं बोलणं ऐकत होते. आई म्हणाली, 'अवो, बंद करा ना त्या गोळ्या. कोऱ्या चायसारखी येऊन राह्यली लघवी. डोळे पाहा किती पिवळे झाले.' तुम्ही म्हणालात, 'चवदा दिवसाच्या देल्ल्या तं चवदा दिवस खाईन. अर्ध्यात सोडाले आपण काय अडाणी आहो?' आईने पेला पुढे केला नाही, तर तुम्ही उठलात, भिंतीला धरून माठापर्यंत गेलात आणि स्वतःच्या हाताने पाणी घेऊन गोळी गिळलीत. आईचा हात तसाच पदरात राहिला. त्यानंतर जीप, मोठा दवाखाना, रक्ताची पिशवी. तुम्हाला दम लागत होता आणि तरी तुम्ही मला विचारत होता, आजची गोळी राहिली का गं?

तुम्ही गेल्यावर गाव काय म्हणालं असेल ते तुम्हाला ठाऊकच आहे. पुजाऱ्याकडे गेला नाही, जंगलाच्या देवाचं केलं नाही, लय शहाणा होता. गोळ्या बोडीत फेकणारे तिघं तुम्हाला खांदा द्यायला आले होते. धडधाकट. मी त्यांच्याकडे पाहत होते आणि मला काहीच सुधरत नव्हतं. सांगितलेलं ऐकणारा माणूस गेला आणि न ऐकणारे उरले, याचा अर्थ नववीतल्या पोरीने काय लावायचा?

मी अर्थ लावला तो असा की नर्स व्हायचं. चंद्रपूरला नर्सिंगला लागले. फार्माकॉलॉजीने मात्र रडवलं, बाबा. आपण मराठी शाळेतल्या, आणि औषधांची नावं अशी की जिभेला गाठ बसावी. आम्ही ती पाढ्यासारखी म्हणायचो. औषध, काम, मात्रा, दुष्परिणाम, आणि शेवटी नर्सची जबाबदारी. प्रत्येक औषधाखाली ती जबाबदारी लिहावीच लागायची, तिला वेगळे मार्क होते. माझी खोलीतली मैत्रीण सिरोंच्याकडची, ती पुस्तक धरून विचारायची आणि मी डोळे मिटून सांगायची. एका दुपारी तिने प्रायमाक्विन विचारलं. मी काम सांगितलं, मात्रा सांगितली, दुष्परिणामावर आले. काही लोकांच्या रक्तात जन्मतः एक गोष्ट कमी असते, त्यांनी ही गोळी खाल्ली तर तांबड्या पेशी फुटतात. कावीळ होते. लघवी काळी होते. एवढं म्हटलं आणि माझे डोळे उघडले. मैत्रीण म्हणाली, 'थांबली काऊन वो? येते ना तुले. बोल पुढं.' पुढचं होतं, नर्सची जबाबदारी: रोज लघवीचा रंग विचारावा, गडद दिसल्यास गोळी ताबडतोब थांबवून डॉक्टरांना कळवावे. मी ते बोलले. घडाघडा बोलले. मग न्हाणीघरात जाऊन नळ सोडून बसले. मनात म्हणत होते, आईने विचारला होता रंग. आईने थांबवलं होतं. एक पुस्तकही न वाचता ती सगळी जबाबदारी पार पाडून मोकळी झाली होती, आणि तुम्ही...

तोंडी परीक्षेला नेमकं तेच आलं. बाहेरून आलेल्या मॅडम, चष्मा नाकावर, चिठ्ठ्यांतली एक उचलली आणि मला प्रायमाक्विन विचारलं. तोंड आपोआप चालू झालं, पाठांतर असतंच असं मेलं. लघवीचा रंग म्हटल्यावर त्या म्हणाल्या, 'व्हेरी गुड, बऱ्याच मुली हे विसरतात.' त्या दिवशी मला वर्गात सगळ्यांत जास्त मार्क पडले. मैत्रिणींनी समोसे मागितले, मी दिलेही.

सुट्टीत आईला सांगितलं. ती मिरच्यांचे देठ काढत होती. मी जमेल तसं सांगितलं की गोळी वाईट नव्हती, देणाऱ्याचं चुकलं असंही नाही, लाखो लोक खातात आणि बरे होतात, बाबांच्या रक्तात तेवढं एक कमी असेल. ती ऐकत राहिली, देठ काढत राहिली. मग म्हणाली, 'म्हंजे मी बरोबर सांगत होती.' मी हो म्हटलं. 'मंग हे मले कळून आता काय करू मी, बाई?' आणि सूप उचलून उन्हात गेली. पुन्हा तिने तो विषय काढला नाही.

पुस्तकात त्या ओळीच्या खाली आणखी एक ओळ होती, ती मी आईला सांगितली नाही. हे रक्तातलं कमीपण बापाकडून मुलीत येतं, मुलीत गप्प बसतं, आणि तिला मुलगा झाला तर त्याच्यात निघतं किंवा निघत नाही. छापा की काटा. पुढे मी माझं रक्त तपासून घेतलं, तर रिपोर्ट धड इकडचा नाही, धड तिकडचा नाही. बाईच्या रक्तात ते बरेचदा असंच अर्धवट दिसतं म्हणाले. मुलगा झाला तेव्हा सगळे पेढे वाटत होते आणि मी त्याच्या लंगोटाचा रंग पाहत होते. सासूबाईंच्या पेटीतल्या डांबराच्या गोळ्या मी उचलून बाहेर फेकल्या, कारण त्यांच्या वासानेही अशा लेकरांचं रक्त फुटतं. त्या चिडल्या, 'माझ्या साड्याले कसर लागली तं तू घेऊन देशीन का?' पोराची तपासणी मात्र आज करू, उद्या करू करत राहिले. दुसऱ्यांना शंभर गोष्टी सांगणारी मी, माझ्याच पोराच्या बोटाला सुई लावायला भ्यायले. कागदावर आलं नाही तोवर ते नाही, असं मनाला समजावत होते. डोंबलाचं समजावणं!

आणि नोकरी कुठे लागावी? एटापल्लीच्या पलीकडे, ज्या जंगलातून तुम्ही ताप घेऊन आलात, त्याच्याच पोटात. नवरा इथल्या आश्रमशाळेत शिक्षक आहे. रुजू झाले त्या सकाळीच समोर हिवतापाची रांग होती. पहिल्या बाईच्या हातात मी ती पट्टी ठेवली आणि तिला सांगितलं, 'पूर्ण खाजो बरं. ताप गेला तरी सोडायची नाई.' माझ्या तोंडून तुमचा आवाज आला, बाबा. ती निघाली तशी मी तिच्या मागे पायऱ्या उतरून गेले आणि म्हटलं, पण लघवी काळी दिसली तर थांबजो, तशीच माझ्याकडे येजो. ती माझ्याकडे पाहतच राहिली, ही बाई गोळी खा म्हणते का खाऊ नको म्हणते. तेव्हापासून मी दोन्ही सांगते. रोज सांगते. आणि संध्याकाळी घरी जाताना वाटतं, कोणीतरी पहिलंच वाक्य घेऊन गेलं असेल, दुसरं पायरीवरच सांडलं असेल.

या आठवड्यात पोराला थंडी वाजून आली. रक्त पाहिलं, हिवताप. आमचे डॉक्टर नवीन आहेत, लातूरकडचे, पण शांत माणूस. मी त्यांना तुमचं सगळं सांगितलं. ते म्हणाले, 'सिस्टर, ताप उतरवायच्या गोळ्या आजच सुरू करू. ती दुसरी मात्र रिपोर्ट येईपर्यंत हातात घ्यायची नाही.' नमुना गाडीने चंद्रपूरला गेला. ताप उतरला, पोरगं खेळायला लागलं, आणि घरात कुरबुर सुरू झाली. सासूबाई मनाच्या वाईट नाहीत, बाबा, नातवावर जीव टाकतात. पण नवऱ्याला म्हणायच्या, 'साऱ्या गावाले खा खा करते, आन् आपल्याच लेकराले देत नाई. ताप उलटला तं?' मी रक्ताचं समजावलं, तर म्हणाल्या, 'आमच्या घराण्यात कोणाले नाई असं काई.' म्हणजे असेल तर तुझ्या घराण्यात. ते खरंच होतं. रांगेतल्या एका म्हाताऱ्या बाईनेसुद्धा पट्टी घेता घेता विचारलं, 'बाई, तुमच्या पोराले देल्ली का हे?' तिच्या मागच्या सगळ्या जणी कान देऊन उभ्या होत्या. मी म्हटलं, त्याचं रक्त तपासायला गेलंय. तिने पट्टी कनवटीला खोचली, पण ती खाईल असं मला वाटलं नाही.

काल दुपारी डॉक्टरांनी आत बोलावलं. फोन आला होता. म्हणाले, 'कमी आहे, सिस्टर. बरंच कमी आहे. ती गोळी त्याला कधीच द्यायची नाही.' तुमचं रक्त तपासायला इतकी वर्षं लागली, बाबा. मी रडले नाही. सुट्टी मागून घराकडे निघाले. रस्ता चार पावलांचा, तरी मी जवळजवळ धावत होते, का ते मलाही कळत नव्हतं.

दारातून पाहिलं तर पोरगं पाटावर बसलं होतं. सासूबाईंच्या हातात पाण्याचा पेला. शेजारणीने ताप गेल्यावर सोडून दिलेल्या गोळ्यांची पट्टी त्यांच्या मांडीवर, मोठ्या माणसाच्या गोळ्या. आणि पोराच्या उघड्या तळहातावर एक गोळी. तो रडत नव्हता, तोंड फिरवत नव्हता. माझ्याकडे पाहून मोठ्या शहाणपणाने म्हणाला, 'आई, मी पूर्ण खाणार हाओ. आजीनं सांगतलं.' मी त्याच्या हातावर फटका मारला. गोळी कुठेतरी उडाली. दुसरा फटका पाठीत बसला, तो कशासाठी होता देव जाणे. पोरगं माझ्याकडे पाहतच राहिलं. आजवर त्याच्यावर हात उचलला नव्हता मी. सासूबाईंच्या हातातला पेला लवंडला. 'एकबी नाई खाल्ली वो त्यानं, माय शप्पथ, हे पह्यलीच होती,' त्या म्हणाल्या आणि रडायला लागल्या. पट्टीतली दोन घरं रिकामी होती. एक गोळी मला चुलीमागे सापडली. दुसरी शेजारणीने खाल्ली असं ती म्हणते. तिला नक्की आठवत नाही.

सकाळपासून मी पोराला पांढऱ्या मगात लघवी करायला लावते आणि मग खिडकीपाशी नेऊन पाहते. अजून तरी ठीक आहे. रक्तातली कमी नक्की कळली, आता त्याला कसं सांभाळायचं ते मला माहीत आहे, ते मी करीन. भीती त्याच्या उघड्या तळहाताची वाटते. कोणी मोठं माणूस खा म्हणालं की खायचं, विचारायचं नाही, आणि वर त्याचा तोरा मिरवायचा, हे त्याला कोणी शिकवलं? मीच शिकवलं, बाबा. तुमच्या गोष्टी सांगून सांगून. आजोबा कसे कधी अर्ध्यात सोडायचे नाहीत, डॉक्टरचं कसं ऐकायचे, रोज झोपवताना सांगत आले. आता थोड्या वेळाने तो उठेल आणि काल काऊन मारलं म्हणून विचारेल. त्याला सांगावं लागेल की आजोबांनी पोंभुर्ण्याच्या आजीचं ऐकायला पाहिजे होतं. हे वाक्य मी आजवर मनातसुद्धा पूर्ण होऊ दिलं नव्हतं. तुम्ही समोर असते तर आताही बोलले नसते.